जरमीनाच्या पायाचं माप

कृत्रिम पाय बनवण्यात चन्नाप्पांचा हात धरणारा शाहूपुरीत कुणी नव्हता. तोंड मात्र फाटकं. रडणाऱ्या पेशंटला सरळ म्हणायचे, "पाय देतोय, लाड न्हाय."

अमेरिकेचं सैन्य अफगाणिस्तानातून जायच्या दोन वर्षं आधी ते काबूलच्या एका शिबिरात महिनाभर पाय बसवत होते. तिथं सात वर्षांची जरमीना आली. सुरुंगानं डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. चन्नाप्पांनी तिच्या आईला सांगितलं, पोर वाढेल पण हा पाय वाढायचा नाही, दर वर्षी नवा देईन. शब्द देऊन बसले की! मग सैन्य गेलं, तालिबान आले, आपली वकिलात बंद झाली आणि वाटच खुंटली.

पण म्हातारा हट्टाला पेटला. नात शांभवी जरमीनाच्याच वयाची. दर दिवाळीला तिची गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी मोजायची आणि तेवढा पाय करून खुंटीला टांगायचा. असे सहा झाले. शेजारीपाजारी हसले, हसू देत. पेपर आला की ते आधी दिल्ली-काबूलची बातमी शोधायचे. इथून तिकडं गहू गेला, औषधं गेली, मंत्र्यांची बोलणी झाली आणि यंदा काबूलमध्ये पुन्हा रीतसर वकिलात उघडली. शिबिरातले डॉक्टर सोमशेखर यांनी खटपट करून जरमीनाच्या आईला गाठलं. औषधांबरोबर एक खोकं जाईल, म्हणाले.

आईनं धड पायाच्या मापाचा दोरा पाकिटातून पाठवला. चन्नाप्पांनी तो शेवटच्या पायाला लावला. तीन बोटं कमी पडला. दोरा कापणाऱ्याच्या नावानं त्यांनी शिव्या घातल्या आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आईनं दोनदा मोजलंय, माप बरोबर आहे.

मग चन्नाप्पा एकेक खुंटी मागं येत गेले. तिसऱ्या पायाला दोरा नेमका बसला.

"आज्जा, ह्यो तर मी पाचवीत असतानाचा," शांभवी म्हणाली. "ती वाढली न्हाय व्हय?"

"खायला मिळालं तर वाढणार की, बाळ."

चन्नाप्पांनी पायावरची धूळ पुसली, तो कापडात गुंडाळून खोक्यात ठेवला. मग उठून चौथ्या खुंटीवरचाही काढला.

"एकच बसंल तिला," शांभवी म्हणाली.

"आसू दे. वाढंल की ती."

दोन्ही पाय एकाच खोक्यात मावेनात, म्हणून त्यांनी मोठं खोकं शोधायला घेतलं.