चिकूची बी आणि सोललेलं केळं

काल संध्याकाळी बाबांनी बोलता बोलता चिकूची बी गिळली आणि ती घशाखाली अडकली. थुंकीही गिळवेना. घोलवडची आमची अख्खी आळी म्हणाली, "केळं द्या, खाली जाईल." मी सोललंही. बाबांनीच मानेने नको म्हटलं.

डहाणूच्या छोट्या हॉस्पिटलात घशात दुर्बीण घालून तपासणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. नशिबाने आज त्यांचा वार होता. दहा मिनिटांत बी बाहेर आली.

"केळं दिलं असतं तर हिच्या टोकाचा आकडा अन्ननलिकेत रुतला असता," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी बी निरखली. बसलेल्या आवाजात म्हणाले, "ही आपल्या चिकूच्या वाडीतली नाय."

आता घरी ते निवलेला चहा पितायत. ताटलीतलं केळं काळं पडलंय. तुमच्याकडे अशा वेळी काय गिळायला सांगतात?