भिंतीमागे गेलेली माझी फायरप्लेस

पाच आठवडे वसईला राहून मी फेब्रुवारीत कॅनडाला, ओकव्हिलच्या माझ्या घरी परतले. भाचीचं लग्न होतं. मुलगा विमानतळावर घ्यायला आला होता. घरी पोचल्यावर त्याने बॅगा दारातच ठेवल्या आणि म्हणाला, "आई, आधी लिव्हिंग रूममध्ये ये. सरप्राइज आहे."

खोलीत सूनबाई हातात रिमोट घेऊन उभी होती. जिथे माझी विटांची फायरप्लेस होती तिथे गुळगुळीत पांढरी भिंत होती. भिंतीत काळी काच, काचेमागे ज्वाळांसारखे नारिंगी दिवे हलत होते. सुनेने बटण दाबलं तर ते निळे झाले.

"रंग बदलतात," ती म्हणाली.

मी कोट न काढता सोफ्यावर बसले. प्रवासाने थकलेय असं त्यांना वाटलं. खरं तर मला संताप आला होता.

हे घर आम्ही मुलगा तीन वर्षांचा असताना घेतलं. पहिल्या हिवाळ्यात नवऱ्याने धुराड्याची झडप न उघडताच लाकडं पेटवली आणि घरभर धूर झाला. शेजारच्या म्हाताऱ्याने येऊन झडप दाखवली, आधी वर्तमानपत्राचा बोळा जाळून धुराडं तापवायचं हे शिकवलं. पुढे नवऱ्यापेक्षा मलाच ते जास्त जमू लागलं. बर्चचं लाकूड चटकन पेटतं, मेपलचं उशिरा पेटतं पण तास तास टिकतं. संत्र्याच्या साली मी उन्हात वाळवून ठेवायचे, त्या टाकल्या की खोलीत वास दरवळायचा. जानेवारीत बाहेर उणे वीस असताना पायाच्या तळव्यांना लागणारी ती ऊब हीटरला कधी जमली नाही. हीटर खोली गरम करतो. आगीजवळ माणूस बसतो, काही न करता बसून राहतो, आणि त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

नवरा गेल्यावर चार हिवाळे मी एकटीने आग पेटवली होती. मुलगा-सून वेगळे राहायचे, माझ्या घराची एक किल्ली मुलाकडे असायची.

"कोणाला विचारून केलंत?" मी विचारलं.

"आई, विचारलं असतं तर यू वुड हॅव सेड नो," मुलगा म्हणाला.

"म्हणजे माझं उत्तर तुला माहीत होतं."

मी उठून गराजमध्ये गेले. लाकडांची रास नव्हती. ऑनलाइन जाहिरात टाकून फुकट देऊन टाकली, कोणीतरी ट्रक घेऊन आलं होतं, सुनेने सांगितलं. निखारे सारायची सळई विचारली तर तीही लाकडांबरोबर गेली होती. ती सळई नवऱ्याने त्याच्या फॅक्टरीत स्वतः वाकवून आणली होती. दुकानातली नव्हती. हे मुलाला माहीत होतं. लहानपणी ती हातात धरायला मिळावी म्हणून तो रडायचा.

तेव्हा माझा आवाज चढला. माझ्या पाठीमागे माझ्या घरात हातोडा चालवलात, मी काय मेले होते का, असं मी म्हणाले. सून रडायला लागली. मुलाने सरळ जाऊन माझी आरामखुर्ची बाजूला ओढली.

खुर्चीखाली गालिच्यावर बशीएवढा जळका डाग होता.

"हे डिसेंबरमध्ये दिसलं आम्हाला," तो म्हणाला. "तू सांगितलं नाहीस."

खरं होतं. नाताळच्या आधी एका दुपारी जाळीचा पडदा न लावताच मला डुलकी लागली होती. निखारा उडून गालिच्यावर पडला. वासाने जाग आली, चहाचं पाणी ओतून मी तो विझवला आणि डागावर खुर्ची सरकवली. कोणाला सांगितलं तर काय होईल हे मला ठाऊक होतं.

चोरी पकडली गेली म्हणून राग निवेल असं कोणाला वाटेल. माझा वाढला. मी वसईला जाईपर्यंत हे दोघं माझ्याकडे जेवून जात होते, हसत होते, आणि मनात बेत शिजत होता.

"त्याच दिवशी का नाही बोललास?"

"कारण तू अशी चिडतेस. स्नो पडायला लागला की मला झोप लागत नाही, आई. तू इथे एकटी, आणि ती आग."

"हे एवढंच बोलायचं होतं. मी ऐकलं असतं."

ऐकलं असतं का, मला अजून खात्री नाही. पण त्याने बोलायला हवं होतं.

पुढच्याच आठवड्यात मी धुराडी दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने नव्या पांढऱ्या भिंतीचा तुकडा कापून आत पाहिलं. विटा शाबूत होत्या. मात्र धुराड्याचं आतलं अस्तर दोन ठिकाणी तडकलं होतं. "हे तडे जुने आहेत," तो म्हणाला. "नशीबवान आहात, यातून आग भिंतीत शिरली नाही." म्हणजे मुलाची भीती त्याला माहीत होती त्याहूनही खरी होती. हे मी मुलाला फोन करून सांगितलं, कारण लपवाछपवीचा मला वीट आला होता. तो फक्त "ओके" म्हणाला.

पांढरी भिंत काढून टाकली, अस्तर नवीन बसवलं, धूर किंवा कार्बन मोनॉक्साइड झाला की वाजणारी नवी घंटी लावली, काचेची दारं लावून घेतली. मार्चअखेरीस पुन्हा आग पेटली. विकत आणलेली लाकडं ओली निघाली, सुं सुं करत नुसती धुमसत राहिली. गेलेल्या राशीची आठवण येऊन मी पुन्हा चरफडले.

आणि मुलाकडून मी घराची किल्ली परत मागितली. त्याने जुडग्यातून काढून टेबलावर ठेवली. भांडणाने तो दुखावला नव्हता इतका किल्ली मागितल्याने दुखावला, हे मला दिसलं. तरी मी ती उचलून आत ठेवली. अडीअडचणीसाठी एक शेजारणीला दिली, हे त्याला सांगितलंही.

आता दर रविवारी तो बेल वाजवतो. मी दार उघडेपर्यंत पायरीवर थांबतो, बुटांवरचा बर्फ झटकतो. "आत येऊ?" विचारतो. मी म्हणते, "ये."