पाठ असलेला तक्ता

मे महिन्यातली दुपार होती. खिडक्यांचे पडदे ओढून, कूलर लावून मी आणि बाबा एक जुना काळा-पांढरा इंग्रजी भयपट बघत होतो. एका लहानशा गावात साथ येते, ज्याला लागण होते त्याच्या मनगटावर डाग उठतो आणि तो माणसांना चावत सुटतो. बाबांना इंग्रजी कळत नाही, म्हणून मी शेजारी बसून सगळं मराठीत सांगत होते.

बाबा म्हणजे धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तीस वर्षं नोकरी केलेले कंपाउंडर. नोकरी संपली, पण कंपाउंडरकी गेली नाही. पहिला रोगी बाहीखाली डाग झाकतोय असं मी सांगितलं, तसे ते उसळले, "काहून लपवते गा! पहिल्याच दिवशी दाखवलं असतं तर पिक्चर दहा मिनिटांत खतम!"

मी पन्हं आणायला उठले. मागून बाबा ओरडले, "पाह्य वं, चावायले येऊन राहिला तो!"

मी वळून पाहिलं, तर पडद्यावर गावाचा डॉक्टर होता, हातात बॅग घेऊन येणारा.

"बाबा, माझी बोटं किती?"

"चार," ते ऐटीत म्हणाले.

मी हात वर केलाच नव्हता. दरवर्षी मी त्यांना चष्म्याच्या दुकानात नेत होते आणि ते भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पार शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवत होते. वाचतील नाही तर काय! तीस वर्षं तोच तक्ता पेशंटांकडून वाचून घेतलेला, त्यांना तो आरतीसारखा पाठ होता. दुकानदारही खूश, मीही खूश.

"कधीपासून दिसत नाही?" मी जवळजवळ ओरडलेच. राग त्यांचा आला होता आणि माझा स्वतःचाही. "पूर्ण आंधळं व्हायची वाट बघत होतात?"

ते म्हणाले, "दुसऱ्याले ऑपरेशनच्या टेबलावर झोपवायले भेव नाही वाटत वं. स्वतः झोपायचं म्हटलं का वाटते."

सिनेमात तोवर निम्मं गाव चावून झालं होतं. मी टीव्ही बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना घेऊन धंतोली गाठली. मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. डॉक्टरांनी दोघांनाही झापलं, पण नजर परत येईल म्हणाले. ऑपरेशनला आत नेताना बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की नर्सला सोडवावा लागला.

पट्टी निघाली तेव्हा मी समोरच उभी होते. बाबांनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बघतच राहिले.

"काय वं, तुझे केस इतके पांढरे केव्हा झाले?"

"तीन वर्षं झाली, बाबा," मी म्हटलं. त्या तीन वर्षांत रोज सकाळचा चहा आम्ही समोरासमोर बसून घेतला होता.