वहीवाल्या बाईसाठी एक पान

मला उशीर खपत नाही. माझाही नाही आणि दुसऱ्याचाही नाही. मस्कतला नोकरीला होते तेव्हा माबेलातल्या घरून ठीक साडेसहाला माझी गाडी निघायची म्हणजे निघायची. गाडीत दोन सोबती. मागे आमच्या ऑफिसच्या इमारतीतले एसी सांभाळणारे मालवणचे काका, आणि पुढे माझ्या शेजारी समोरच्या घरात राहणारी पॅलेस्टिनी मैत्रीण. ती आमच्याच ऑफिसात नकाशे काढायची.

काकांना रोज दोन हॉर्न लागायचे. मैत्रिणीचं उलटं. ही बाई सहा वाजल्यापासून खाली उभी, अंगाला घामाच्या धारा. एकदा मी चिडवलं, "तुझं घड्याळ काय मक्केवर लावलंयस का?" ती हसली. म्हणाली, "आमच्याकडे वीस मिनिटांच्या वाटेला दोन तास हातात धरून निघतात. कधी वीस मिनिटांत पोचतो, कधी दोन तास लागतात. आदल्या दिवशी कळायची सोय नाही. अंगात मुरलंय ते."

तिचं गाव बेथलेहेमच्या जवळचं. मी वसईची. नाताळात आम्ही अंगणात गोठा करायचो, गवत पसरून त्यावर मातीच्या मेंढ्या उभ्या करायचो. बेथलेहेम म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तोच गोठा यायचा. मी तसं सांगितल्यावर तिनं फोनवर एक फोटो दाखवला. डोंगरातला रस्ता, सिमेंटचे ठोकळे, एक टेहळणीचा मनोरा आणि गाड्यांची रांग. "आणि ही आमची चौकी," ती म्हणाली.

तिची आई नर्स होती. गावाहून पुढच्या गावातल्या दवाखान्यात रोज जायची आणि वाटेत ही लष्कराची चौकी. पलीकडे गेली की लेकीला एका शब्दाचा मेसेज करायची, त्याचा अर्थ 'पार झाले'. आमचं घड्याळ त्यांच्या एक तास पुढे. त्यामुळे आम्ही विमानतळाच्या आसपास असलो की मेसेज वाजायचा. तोवर माझी मैत्रीण गप्प. वाजला की मग तिचं तोंड सुरू व्हायचं ते ऑफिसपर्यंत. काका मागून रोज आईची चौकशी करायचे, "पोचली गो तिची आवस?" आणि मग डोळे मिटायचे.

चौकीवर एक म्हातारी यायची. सैनिकांच्याच देशातली, सत्तरीची, डोक्याला पांढरी टोपी आणि हातात वही. तिच्यासारख्या आणखी बायका होत्या म्हणे, आळीपाळीने वेगवेगळ्या चौक्यांवर उभ्या राहायच्या. कोणाला अडवलं, किती वेळ, हे लिहून घ्यायचं, अगदीच कोणी अडकलं तर लष्कराच्या कचेरीत फोन करायचा. ती रोज सगळ्यांना मोडक्या अरबीत 'सुप्रभात' म्हणायची. मैत्रिणीच्या आईनं दोन वर्षांत एकदाही उत्तर दिलं नव्हतं. "तिचाच नातू उद्या तिथे बंदूक घेऊन उभा राहील," असं तिचं म्हणणं.

मीही नाक मुरडलं होतं. वहीत लिहून कुणाची वाट मोकळी होते? उंटावरून शेळ्या हाकायला माझं काय जात होतं! पण नंतर विचार केला तर मला स्वतःचंच हसू आलं. ऑफिसात मी दुसरं काय करत होते? नकाशा आला की रजिस्टरात तारीख, गेला की तारीख. दोनच तारखा. पण मोठमोठे इंजिनियर त्या रजिस्टराला टरकून असत. कारण मधले दिवस कोणाच्या टेबलावर गेले ते कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

मैत्रिणीला दिवस गेले. पहिलंच मूल. नवरा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, शिफ्टची नोकरी, घरी यायचा तो आठवड्याच्या शेवटी. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. हिनं जायचं म्हटलं तर परत बाहेर कधी पडता येईल याचा भरवसा नाही. तेव्हा माहेरच इकडे यायचं ठरलं. आईनं कागद जमवले. गावातून निघून ती चौकी, मग सीमेवरच्या पुलावरून जॉर्डन, रात्री तिथल्या बहिणीकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी विमान. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला दोन आठवडे राहिले होते. चौकीवरून परत फिरवलं असतं तर ते सगळे कागद पुन्हा करावे लागले असते, आणि बाळ काही कागदांसाठी थांबत नाही.

आई निघायची त्या दिवशीही आमची गाडी साडेसहाला निघाली. विमानतळ मागे पडलं, मेसेज नाही. मी मनातल्या मनात 'नमो मारिया'ची प्रार्थना सुरू केली. सात दहाला ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचलो, तरी नाही. आईला फोन लावला तर तो बंद.

"येतली गो, येतली," काका म्हणाले. "जीव खाव नको." पण ते स्वतःही उतरले नाहीत. एसी चालू ठेवून आम्ही तिघं तशीच बसून राहिलो.

मग अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. रेघांच्या वहीचं पान. अक्षरं आमच्यापैकी कोणालाच न वाचता येणारी, पण आकडे कळत होते. पानावर ओळींमागून ओळी, प्रत्येक ओळीत दोन वेळा. शेवटच्या ओळीत एकच, ५:५२. पुढची जागा रिकामी.

"म्हणजे काय?" मैत्रिणीनं विचारलं.

मला लगेच कळलं होतं. रोज तेच तर करायचे मी. "आत आलीय," मी म्हटलं. "अजून बाहेर गेलेली नाही. ती आहे तिथे आणि कोणीतरी तिच्याकडे बघतंय."

ती रडायला लागली. मी तिचा हात धरला. साडेसातला ऑफिस सुरू व्हायचं आणि माझं घड्याळ साडेसात दाखवत होतं. नोकरीत पहिल्यांदाच मला त्याची फिकीर वाटली नाही.

सात छत्तीसला दुसरा फोटो आला. तेच पान, तीच ओळ, आणि रिकाम्या जागेत ६:३४. काकांनी मागून माझ्या सीटवर अशी थाप मारली की मी दचकले. "पोचली गो आवस!" मैत्रीण हसत होती आणि रडतही होती. माझ्या जिवात जीव आला.

सगळी हकिकत नंतर कळली. आईला बाजूला उभं केलं होतं, बॅग आणि फोन आत नेला होता. का, ते कोणी सांगितलं नाही. तेव्हा तिनं लेकीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी त्या म्हातारीच्या हातात दिली होती आणि दोन वर्षांचं राहिलेलं 'सुप्रभात'ही देऊन टाकलं होतं. म्हातारीला धड अरबी लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं पानच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आईला आणायला गेलो. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. लेकीच्या पोटावर हात ठेवून ती कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. गाडीत मागच्या सीटवर बसली ती पासपोर्ट आणि कागद मुठीत घेऊन. मी म्हटलं, पर्समध्ये ठेवा आता. लेकीनं अरबीत सांगितलं. आईनं मान हलवली आणि कागद तसेच धरून ठेवले.

वाटेत मी नेहमीच्या करक चहाच्या टपरीपुढे गाडी उभी करून हॉर्न दिला. तिथे गाडीतच चहा आणून देतात. टपरीवरचा मल्याळी माणूस काचेपाशी आला आणि मी बोलायच्या आत आईनं मागची काच खाली करून पासपोर्ट आणि सगळे कागद त्याच्यापुढे धरले.

तो गडबडला. मग त्यानं हात पँटला पुसले, दोन्ही हातांनी ते कागद हळूच मागे सारले आणि म्हणाला, "नहीं अम्मा. चाय. कितना चाय?"

मैत्रिणीनं समजावलं तेव्हा आईचे कान लाल झाले, आणि मग ती एवढी हसली की डोळे पुसायला तिला कागद मांडीवर ठेवावे लागले. ते पुन्हा हातात घ्यायचे ती विसरली. तीन चहा झाले, एकाचे पैसे त्या माणसानं घेतलेच नाहीत.

घरी पोचल्यावर सामान सोडायच्या आधी तिनं लेकीमार्फत माझ्याकडे कागद मागितला. म्हणे, तू ऑफिसात तारखा लिहितेस ना, मग आजच्या वेळा लिहून दे. त्या बाईला पाठवायच्या आहेत. तिच्याकडे असं पान नसेल.

मी माझ्या वहीतलं पान फाडलं आणि इंग्रजीत, ऑफिसातल्यासारख्या नीट अक्षरात लिहिलं. विमानतळ, ३:२०. माबेला, घर, ३:५५. मग मी पेन थांबवलं, कारण मधे आम्ही थांबलो तर होतोच. आईला विचारलं, ते लिहू का? ती म्हणाली, लिही ना, खरं तेच लिहायचं.

मी लिहिलं: 'वाटेत थांबलो, एकदा. चहा प्यायला.'