मामाच्या टाकीतले मुकादम

माझा मामा बावीस वर्षं गावाचा मैला सांभाळतो. मैलाशुद्धीकरण केंद्रावर तो ऑपरेटर आहे, आणि लग्नकार्यात कुणी विचारलं तर "पाणी खात्यात" असं सांगतो. मामी मात्र भर पंगतीत खरं सांगून टाकते. केंद्रातल्या मोठ्या टाकीला ती सवत म्हणते, कारण मामा घरी कमी आणि तिथे जास्त असतो.

त्या टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडतात. पाणी चहाच्या रंगाचं आणि वास ओल्या मातीचा. रोज सकाळी मामा त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि मी गेलो की मला बळेच बघायला लावायचा.

"जिवाणू म्हणजे मजूर," तो म्हणायचा. "मैला तेच खातात. आणि देठावर डुलणाऱ्या या घंट्या दिसतात ना, हे आदिजीव, आपले मुकादम. गटात न राहता मोकाट फिरणाऱ्या मजुरांना गिळून टाकतात. मुकादम खूश, तर पाणी निर्मळ."

"आणि हे धागे?"

"काही बुरशी, काही जिवाणूंच्याच माळा. जावयासारखं आहे त्यांचं. थोडे असले तर शोभा, मुक्काम वाढला की गाळ खाली बसत नाही."

"विषाणू कुठेत?"

"या भिंगात कसे दिसतील? चोर कधी हजेरी लावतो का?"

हे सगळं ज्याला तोंडपाठ, त्या माणसाने काय करावं?

मामीला आठ दिवस ताप होता. एका दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचून टायफॉइड सांगितला, तिला दाखल करून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "हे जंतू मैल्यातून पाण्यात किंवा खाण्यात जातात." मामाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. सायकल काढून ड्यूटीवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मासमधून चहा घेऊन केंद्रावर गेलो. फाटकाशीच पाय थबकले. ओल्या मातीचा वास गेला होता. त्याजागी दवाखान्याच्या फरशीचा वास, आणि त्याखालून नाकाला झोंबणारी घाण. टाकीवर कमरेएवढा पांढरा फेस साचला होता. मामा खोलीत सूक्ष्मदर्शकासमोर बसला होता.

"बघ," तो म्हणाला.

मी डोळा लावला. घंट्या होत्या, पण देठ वाकडे, तोंडं मिटलेली. काहीच हलत नव्हतं. मी काच बदलली, दुसरा थेंब घेतला. तेच. बाजार भरलेला असावा आणि सगळी माणसं उभ्याउभ्या मेलेली असावीत, तसं ते दिसत होतं.

"मामा, कुणी काय टाकलं यात?"

"मी," तो म्हणाला. "क्लोरीनचे सगळे कॅन."

मला वाटलं, थट्टा करतोय. क्लोरीन शेवटच्या टाकीत, तेही मोजून टाकायचं, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

"मला वाटलं, मीच घरी नेले ते जंतू. कपड्यांवरून, नखांतून. म्हटलं, एकही जिवंत ठेवायचा नाही."

माझ्या हातातल्या थर्मासचं झाकण खाली पडलं. ते गरगरत जाऊन भिंतीला लागेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडेच बघत राहिलो.

केंद्राचे साहेब आले. त्यांनी आधी नदीत पाणी सोडायचा दरवाजा बंद करून मैला राखीव तळ्यात वळवला, मग मामाकडे हात पुढे केला. मामाने क्लोरीनच्या भांडाराची किल्ली त्यावर ठेवली.

"नदीच्या खालच्या अंगाला पाच गावं पाणी पितात," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या घरात एक आजारी आहे. तिथे किती झाले असते? तळं पंधरा दिवसांत भरेल. तोवर टाकी जिवंत करा, नाहीतर नोकरीचं मला विचारू नका."

तिसऱ्या दिवशी कळलं की मामीच्या गल्लीतली नळाची पाइपलाइन गटाराशेजारी फुटली होती. जंतू घरच्या नळातून आले होते. मामाच्या टाकीचा काही संबंध नव्हता. हे ऐकून मामा दवाखान्याच्या पायरीवर बसला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला मामीच्या इंजेक्शनची बाटली दाखवली. "अशी औषधं पहिल्यांदा बुरशीतून मिळाली बरं का."

"जावयाने सासू वाचवली म्हणायची," मी म्हणालो. मामा हसला नाही. त्याला सर्दी झाली होती. त्याने तेच इंजेक्शन स्वतःसाठी मागितलं.

"तुमची सर्दी विषाणूंची. तिथे हे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

शेजारच्या गावाच्या केंद्रातून टँकरभर जिवंत गाळ आणला. दही लावायला शेजारणीकडून विरजण मागतात, तसंच. मामा रोज थेंब बघायचा. पाचव्या दिवशी काही नाही. नवव्या दिवशी काही नाही. तळं काठापासून दोन हात उरलं होतं.

बाराव्या दिवशी मामीला दवाखान्यातून सोडलं आणि तिने रिक्षा थेट केंद्राकडे घ्यायला लावली. बावीस वर्षांत तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

"अहो, माझ्यासाठी सवतीला मारलंत म्हणे," ती म्हणाली. "सरका, बघू द्या."

तिने भिंगाला डोळा लावला. मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"एक घंटी आहे," मामी म्हणाली. "आत ओढून घेतेय काहीतरी. थांबा, दोन आहेत."

मामा वळला नाही. खांदे तेवढे हलत होते.

नोकरी राहिली. किल्ली मात्र साहेबांनी अजून दिलेली नाही.