उसनी द्यायची नाही अशी गाडी

आमच्या साँ जोर्ज बेटावर गाडीची किल्ली गाडीतच राहते. सकाळी दारातली गाडी दिसली नाही, तर मालक घाबरत नाही. कुणाची तरी गाय अडली असेल, म्हणतो आणि कॉफी प्यायला माझ्या कॅफेत येतो. अशा गावात देओदातो सिल्वेइरा कॅलिफोर्नियाहून कायमचा परतला तो अमेरिकन गाडी घेऊन, आणि आल्या आल्या त्याने तिला कुलूप घातलं.

गाडी लाल वाइनच्या रंगाची होती. लांबी इतकी की तिचं नाक चर्चच्या पायरीला टेकलं, तरी शेपूट माझ्या गिऱ्हाइकांच्या गप्पांत असे. दोन महासागर ओलांडून आलेली ही बया देओदातोच्या गल्लीत मात्र शिरेना. तेव्हा ती चौकातच मुक्कामाला राहिली. म्हणजे सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर आणि कुणाच्याच हाताला न लागणारी.

देओदातो कंजूष मुळीच नव्हता. तरुणपणी गेला तो गाई दोहायला. तिथेही गाईच दोहल्या, फक्त जास्त. एवढ्या वर्षांत त्याने एकच इच्छा जपली होती. पवित्र आत्म्याच्या सणाला यजमान व्हायचं, पाद्रीबाबांच्या हातून डोक्यावर चांदीचा मुकुट घ्यायचा आणि अख्ख्या गावाला पंगतीत सूप-पाव वाढायचा. हा मान गाव देतं, तोही आपल्या माणसाला. आणि गाव तर त्याला ‘अमेरिकन’ म्हणू लागलं होतं, ते या कुलपामुळे.

कुलपाला कारण होतं. मुक्काम हलवताना आणलेल्या गाडीवर सरकार कर माफ करतं. पण वर्षभर ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि उसनीही द्यायची नाही. आमचा सुतार आदेलिनो किल्ली मागायला आला, तेव्हा देओदातोने हे सगळं सांगितलं.

“मग चालवायची कुणी?”

“मी. नाहीतर इदालीनाने.”

“वहिनींना येते चालवता?”

“नाही.”

“अरे, कस्टमवाला काय झाडावर बसलाय तुला बघायला?”

“नियम आहे, आदेलिनो.”

“नियम आम्हालाही आहेत बाबा. आम्ही कधी त्यांना त्रास दिला नाही.”

महिनाभर कॅफेत याच विषयावर कॉफी खपली. यजमानपद तर सोडाच, याला पंगतीत बसवावं का इथवर गोष्ट गेली. शेवटी जेर्मनामावशींनी गुंता सोडवला. दात दुखत होता, गाल सुजला होता आणि दातांचा डॉक्टर पार वेलास बंदरात. त्या सरळ देओदातोपुढे उभ्या राहिल्या.

“मावशी, गाडी नाही देता येत हो.”

“गाडी मागितलीय कुणी? मला तू हवास. तुला उसना द्यायला मनाई आहे का?”

देओदातोने खरोखर विचार केला. नियम मनातल्या मनात पुन्हा वाचला असावा. मग म्हणाला, “तसं काही म्हटलेलं नाही.”

झालं. त्या दिवसापासून गावाने गाडी मागणं सोडलं आणि देओदातोला मागायला सुरुवात केली. त्याने नवऱ्या मुली चर्चला पोचवल्या, चीजचे थाळीएवढे गोळे बंदरावर पोचवले आणि एक वासरू, माणसासारखं खिडकीबाहेर तोंड काढून बसलेलं, डोंगरावरून खाली आणलं. ज्यांच्या दारात स्वतःच्या गाड्या होत्या तेही म्हणत, “देओदातो आहे की, आपलं पेट्रोल कशाला जाळायचं?” इदालीना मला एकदा म्हणाली, “नवरा माझा आहे म्हणतात. महिनोन्महिने मलाच मिळालेला नाही.”

ईस्टरनंतर यजमान निवडायला गाव बसलं. देओदातोचं नाव मावशींनी सुचवलं. माना हलल्या, पण आदेलिनोने अडचण काढली.

“हा मुकुट घालून मिरवणार, मग बंदरावरून पाव कोण आणणार? चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना कोण आणणार? दुसरा कुणी यजमान करू. देओदातोवाचून सण व्हायचा नाही.”

कौतुक करता करता माणसाचा मान कसा कापावा, हे आमच्या गावाकडून शिकावं. देओदातोचा चेहरा उतरला. मग तो हळूच म्हणाला, “सणाच्या आधी वर्ष पुरं होतंय. मग कुणीही चालवा.”

फुकटचा ड्रायव्हर हातातून जाताना बघून आनंद कुणाला होणार? तेवढ्यात मावशी म्हणाल्या, “आदेलिनो, तुलाच ती चालवायची हौस होती ना?” चारचौघांत आदेलिनो नाही कसं म्हणणार?

सणाच्या दिवशी देओदातोच्या डोक्यावर मुकुट चढला. मुकुटावर पवित्र आत्म्याचं चांदीचं कबूतर, मागे बँड, आणि बँडमागे गाडीत मावशींसकट चार म्हाताऱ्या. पाद्रीबाबांनी बजावलं होतं, “पंगतीच्या मंडपात पोचेपर्यंत मुकुट काढायचा नाही आणि मागे बघायचं नाही.” देओदातो बघत नव्हता, पण त्याचे कान मागेच होते. त्या गाडीला क्लच नव्हता. क्लच शोधणारा आदेलिनोचा डावा पाय ब्रेकवर पडे आणि मागच्या सीटवर म्हाताऱ्या एकदम पुढे झुकत. रस्त्याकडेच्या लोकांना ती भक्ती वाटली.

मंडपाच्या वळणावर खर्रकन आवाज आला. गाडी दोन भिंतींच्या मध्ये बूच बसावं तशी बसली होती. बँड थांबला. आदेलिनो खिडकीतूनच कसाबसा बाहेर आला आणि म्हणाला, “भिंत पुढे आलीय.”

देओदातो मागे वळला. मुकुट काढता येईना, गाडी सोडता येईना. शेवटी मुकुटासकट तो खिडकीतून आत शिरला. कबूतर छताला लागत होतं. मागे घ्यायला म्हणून तो मान वाकवून पूर्ण वळला, तर मुकुट थेट मावशींच्या तोंडापाशी. मावशींनी क्रुसाची खूण केली आणि सणाला अख्खं गाव घेतं तसं मुकुटाचं चुंबन घेतलं.

“मावशी, गाडी काढू द्या.”

“थांब जरा. या तिघींना गर्दीत कोण मुकुटापर्यंत पोचू देणार आहे?”

बाहेर पाद्रीबाबा घड्याळ बघत होते, आदेलिनो सगळ्यांना डावीकडे-उजवीकडे शिकवत होता आणि मंडपात सूप निवत होतं. आत यजमान घामाघूम होऊन मान वाकवून बसला होता, आणि चौघी आपापली पाळी आली की सावकाश, मनापासून मुकुटाचं चुंबन घेत होत्या. चौथीचं झाल्यावर मावशींनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

“हं. आता घे मागे.”