आत्याची टेप आणि गोरेपणाची डबी

गेल्या वैशाखात, ऐन हळदीच्या सकाळी, माझी चुलतबहीण सोनल फसवली गेली. महिनाभर ऑनलाइन मागवलेली गोरेपणाची क्रीम चोपडून गाल सोलवटले होते. त्यांना हळद लागली आणि पोरगी किंचाळली. विकणारा मात्र मोकळा! त्याने एकच चूक केली. भिवंडीतल्या सर्वांत चिवट बाईच्या भाचीला ती क्रीम विकली.

ही बाई म्हणजे आमची आत्या. मूळची दापोड्याची, निजामपुऱ्यात तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान. तेव्हापासून नवरी मापाला आली की आत्या तिच्या दंडांसकट टेप गुंडाळते, गच्च धरते आणि मगच विचारते, "तोंडाला काय लावतेस गं?" टेपमध्ये अडकलेली पोरगी पळणार कुठे? एकीने सांगून पाहिलं, "बेसन, आत्या." "बेसनाला असा वास न्हाय येत. डबी आण, मग बाही कापते." लग्न चार दिवसांवर आणि ब्लाऊज बिनबाहीचा, डबी संध्याकाळीच आली.

या डब्या तपासून घ्यायला आत्याने आम्हाला जुंपलं; असल्या क्रीमविरुद्ध पत्रकं वाटणारे आम्ही चारजण. पहिला नमुना सोनलच्या उरलेल्या क्रीमचा. वाटेत सांडू नये म्हणून आत्याने तो लोणच्याच्या बाटलीत भरला. प्रयोगशाळेतून फोन आला, "याला मोहरीचा वास येतोय. सीलबंद डबी पाठवा." आत्या फणकारली, "राखेने घासली होती मी बाटली!"

मग तिने तीच क्रीम स्वतःच्या नावाने मागवली. पार्सलवाला हसला, "मौसी, अब कितनी गोरी होगी?" "गोरं व्हायला न्हाय रे, पकडायला मागवलीय."

अहवाल आला: पारा. सौंदर्यप्रसाधनात ज्याला बंदी आहे तो पारा, मुलींच्या गालांवर! डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ताही नव्हता. आम्ही तक्रार केली. वेबसाइटवरून क्रीमचं पान गायब झालं आणि तीच डबी नव्या नावाने पुन्हा विक्रीला आली. मी टेबलावर मूठ आपटली. आत्याने चष्मा पुसला आणि तीही मागवली.

परवा सोनल दुकानात हूक लावत बसली होती. गाल आता बरे आहेत. म्हणाली, "आत्या, किती दिवस करणार हे?"

आत्याने मशीन थांबवलं. "ती क्रीम माझ्याच फोनवरून मागवली होती ना मी. मला जन्मभर काळी म्हणाले सगळे. वाटलं, माझ्या पोरीला तरी कुणी म्हणू नये."

सोनल उठली, टेप घेतली आणि आत्याच्याच भोवती गच्च गुंडाळली. "आता खरं सांग, तू काय लावतेस?"

"मी? खोबरेल!" आत्या एवढी हसली की टेप सुटली. डोळे मात्र तिने पदराने पुसले.

तेव्हा उठा. घरातली ती डबी आत्ता उलटी करून बघा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर लावू नका, कुणाला लावायला देऊ नका, विकणाऱ्याची तक्रार करा. आणि डबी निजामपुऱ्यात आत्याकडे आणून द्या. आहे तशीच, शक्यतो सीलबंद. लोणच्याच्या बाटलीत नको.